वाल्देमारचं विसरायचं बटण

ला तेहा वस्तीत वाल्देमार इरियार्तेला सगळे लुकड्या म्हणायचे. तो खरोखर लुकडा होता तेव्हा हे नाव पडलं. पुढे पोट सुटलं, डोक्यावरचे केस गेले, पण नाव काही जाईना. माणूस गुणी, हाताला यश असलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. बायको होती तोवर ती म्हणायची, याच्या हातून घर जळलं तर हा आगपेटीला बोल लावील.

तरुणपणी तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत टाइपरायटर दुरुस्त करायचा. आधी टाइपरायटर गेले, मग वर्तमानपत्रही गेलं, तेव्हा त्याने राहत्या घराच्या पुढच्या खोलीत कीबोर्डचं दुकान थाटलं. रविवारी सकाळी थर्मास काखोटीला मारून त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात जायचं, भंगारातले जुने, जाडजूड, खटखट वाजणारे कीबोर्ड घासाघीस करून आणायचे, ते धुऊन-पुसून त्यांच्या पोटात बोटाच्या पेराएवढी नवी चिप बसवायची. मग त्या चिपला शिकवत बसायचं, कुठलं बटण दाबलं की काय करायचं ते.

साध्या कीबोर्डात एका बटणाला एकच काम असतं. वाल्देमारच्या हाताखालून गेलेलं बटण टिचकी मारली तर एक करी, दाबून धरलं तर दुसरं, पाठोपाठ दोनदा दाबलं तर तिसरंच. या प्रत्येक कामाचा खास कोड असतो, आणि ते कोड त्याला पाढ्यांसारखे तोंडपाठ होते. कोपऱ्यावरच्या नोटरीबाईंना त्याने असं एक बटण करून दिलं होतं, की ते दाबलं की दस्तऐवजाच्या शेवटचा अख्खा परिच्छेद एका दमात उमटायचा. बाई ते दाबण्याआधी दर वेळी छातीवर क्रूसाची खूण करायच्या.

यातला एक कोड तो स्वतःसाठी राखून ठेवायचा. ते बटण दाबलं की चिप शिकवलेलं सगळं विसरायची आणि वाल्देमारच्या कामाच्या टेबलावरच्या मांडणीवर परत यायची. ती मांडणी त्याने आपल्या बोटांच्या सोयीने बनवलेली, सगळी अक्षरं इकडची तिकडे केलेली. दुसऱ्या कुणाला तिच्यात स्वतःचं नावसुद्धा लिहिता आलं नसतं. पण त्याला पाटी कोरी मिळायची आणि नव्याने शिकवायला सोपं जायचं. गिऱ्हाइकाला या बटणाचं तो सांगत नसे. सांगितलं की लोक दाबून बघतात, हा त्याचा अनुभव. आणि तक्रार घेऊन कुणी आलंच, तर उत्तर ठरलेलं असायचं: बटण चुकत नाही, बोट चुकतं. दहातल्या नऊ वेळा ते खरंही निघायचं, तीच तर पंचाईत होती.

सुल्मा बोनिफासिनो त्याच गल्लीत राहायची, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. ‘ला तार्दोना’ या मुर्गाची गाणी तीस वर्षं तीच लिहीत आली होती. मुर्गा म्हणजे रंगवलेल्या तोंडाचे सतरा गडी, ढोल, झांजा, आणि वर्षभरात ज्याने ज्याने माती खाल्ली त्याची कार्निव्हलात भर मंचावर गाऊन घेतलेली हजेरी. सुल्माच्या लेखणीला मंत्रीही भ्यायचे आणि गल्लीतला खाटीकही. मागच्या हिवाळ्यात तालमीच्या वेळी बोलता बोलता तिच्या तोंडून भलतेच शब्द यायला लागले. सगळे हसले, त्यांना वाटलं बाई कुणाची तरी नक्कल करतेय. मग तिच्या हातातला पेला खाली पडला. जीव वाचला, चार महिन्यांनी वाचाही परत आली, पण उजवा हात गेला तो गेलाच.

तू सांग, आम्ही उतरवून घेतो, असं पुष्कळांनी म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही. तिचं म्हणणं, गाणी माझ्या बोटांतून येतात, तोंडातून येतात त्या नुसत्या शिव्या.

म्हणून वाल्देमारने तिच्यासाठी एक कीबोर्ड बनवला. त्याच्या सगळ्या आयुष्यात इतकं चांगलं काम त्याने केलं नव्हतं. अंगठ्याने खालची लांब पट्टी दाबून धरली की कीबोर्डचा डावा भाग उजव्या भागाची अक्षरं लिहायचा, आरशात दिसावीत तशी उलट्या क्रमाने. म्हणजे दोन्ही हातांचं काम एकट्या डाव्याने करायचं. त्यालाही एक कोड असतो. सुल्मा आठवडाभर वैतागली, कीबोर्डला आणि त्याच्या कर्त्याला तिने लाखोली वाहिली, आणि तीन आठवड्यांत झरझर लिहायला लागली. आपलं विसरायचं बटण वाल्देमारने उजव्या अंगाला तळाच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. तिचा उजवा हात लुळा, तिथे तिचं बोट जाणारच कसं? याहून सुरक्षित जागा नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

ऑक्टोबरात एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला. तो चिप जोडत होता, फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला.

“वाल्देमार, मी लिहितेय एक आणि दिसतंय दुसरंच. एकसुद्धा शब्द धड येत नाहीये.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. “बटण चुकत नाही, सुल्मा. बोट चुकतं.”

ती “बरं,” म्हणाली आणि तिने फोन ठेवला. वाल्देमारने चिपचा पुढचा पाय जोडला.

पुढच्या आठवड्यात बेकरीत त्याला कळलं की सुल्माने मुर्गा सोडला. प्रकृती पुन्हा बिघडली म्हणे. त्याला वाईट वाटलं, त्याने तिच्या घरी बिस्किटांचा पुडा पाठवला. आपला या गोष्टीशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

ते ध्यानात आलं सोळाव्या दिवशी. पायसांदू गावच्या एका शिक्षकाने तसाच, एका हाताचा कीबोर्ड मागितला होता. वाल्देमार तो तपासत होता. अंगठा पट्टीवर दाबलेला, डावा हात उजव्याची अक्षरं लिहितोय, सगळं झकास. एवढ्यात करंगळी घसरून डाव्या तळकोपऱ्यावर पडली, आणि कीबोर्ड सगळं विसरला. वाल्देमार आधी नुसता बघत राहिला. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. पट्टी दाबलेली असताना डावा कोपरा हाच उजवा कोपरा होता. ज्या हाताला तिथे पोचता येत नव्हतं, त्याच्या बदली दुसऱ्या हाताला तिथे पोचवायची सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. त्याने तशीच दुकानाला कडी घातली आणि सुल्माच्या घराची वाट धरली.

खरं सांगायचं तर वाटेत त्याने थाप तयार केली होती. सहज आलो होतो, कीबोर्ड साफ करून देतो, असं म्हणायचं, घरी आणून गुपचूप दुरुस्त करायचा, आणि पुन्हा एकदा लिहून बघ म्हणून परत द्यायचा. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. साठी उलटलेला माणूस, पण जित्याची खोड कुठे जाते.

दार सुल्माच्या बहिणीने, माबेलने उघडलं. ती त्याला ओसरीतच थांबवून कुजबुजली, जपून बोल, तिला फार प्रश्न विचारू नकोस, डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हणून सांगितलंय. गॅसची तोटी माबेलने स्वयंपाक उरकताच बंद करायला सुरुवात केली होती, आणि बाहेरच्या दाराला आता दिवसाही कुलूप असायचं.

सुल्मा खिडकीशी बसली होती. कीबोर्डवर पंचा टाकलेला. वाल्देमारने साफसफाईचं काढताच ती म्हणाली, “घेऊनच जा तो. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”

“असं का म्हणतेस?”

“अरे, पहिल्या वेळी पण असंच झालं होतं. आधी शब्द गेले, मग हात. आता परत शब्द गेलेत. तू तरी निदान तोंडावर सांगितलंस, बोट चुकतं म्हणून. बाकीचे सगळे मला गोड गोड फसवतायत.”

हे ऐकून त्याला तयार केलेली थाप मारवेना. त्याला एकदम रडू आलं, आणि साठीच्या माणसाला रडताना जसं बोलता येईल तसं तो बोलला. कोपरा, करंगळी, पट्टी, आरसा, राखून ठेवलेलं बटण, सगळं उलटसुलट क्रमाने सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, “तुझं डोकं ठीक आहे, सुल्मा. चूक माझी आहे. फोनवर तेव्हा विचार न करता बोललो.”

सुल्माने डाव्या हाताने पंचा ओढून काढला. “करून दाखव.”

त्याने कीबोर्ड जोडला, त्यावर आधी तिची मांडणी परत चढवली. तिने आपलं नाव लिहिलं. सुल्मा. बरोबर आलं. मग त्याने दाखवल्याप्रमाणे अंगठा दाबून तिने करंगळी कोपऱ्यावर टेकवली, आणि पुन्हा नाव लिहिलं. पडद्यावर कुठल्याच भाषेत नसलेले अक्षरांचे तुकडे उमटले.

“हेच,” ती म्हणाली. “अगदी हेच दिसलं होतं मला. आणि मी इथे बसून स्वतःला म्हटलं, चला, आटोपलं.”

दारात उभी असलेली माबेल खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागली. वाल्देमार तिची माफी मागायला गेला, तर सुल्माने त्याला अडवलं.

“माफीचं नंतर बघू. आज मंगळवार, क्लबात तालीम आहे. तिथे येऊन हे सगळ्यांपुढे सांग.”

“तूच सांग ना. तुझं ऐकतील.”

“मी सांगितलं तर मान हलवतील आणि म्हणतील, बिचारी. सोळा दिवस झाले, मला बघितलं की सगळ्यांचा आवाज खाली येतो. तो खाटीकसुद्धा मला बाळ म्हणायला लागलाय. माझ्या बोलण्याला आता काही किंमत राहिलेली नाही, लुकड्या. तुझ्या बोलण्याला आहे.”

दुकान या वस्तीच्याच भरवशावर चालत होतं. क्लबात सांगायचं म्हणजे उद्या सकाळपर्यंत नोटरीबाईंपासून केशकर्तनालयापर्यंत सगळीकडे पोचणार, आणि आजवर ज्यांना ज्यांना त्याने बोट चुकतं म्हणून वाटेला लावलं होतं ते सगळे कीबोर्ड काखेत मारून दारात उभे राहणार. हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी त्याने टोपी घातली.

क्लबात सतरा गडी उभे होते, भोवती खुर्च्या टाकून नेहमीचे बघे. सुल्मा माबेलच्या हाताला धरून आत आली तसा ढोल थांबला. दिग्दर्शक एबेर, एरवी ज्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो, तो हलकेच पुढे आला आणि तिला खुर्ची देत म्हणाला, “ये, बस. बरं वाटतंय ना आज? पाणी देऊ?”

वाल्देमार मध्ये जाऊन उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, “सुल्माला काहीही झालेलं नाही. कीबोर्ड मी चुकीचा बनवला होता. तिने मला विचारलं, तर मी तिलाच दोष दिला. चूक माझी होती.”

झांजवाला म्हणाला, “लुकड्या, पुन्हा एकदा सांग रे, मला रेकॉर्ड करायचंय.” त्यावर जो हशा उसळला तो आवरेना. माझा कीबोर्ड पण, माझा पण, असं मागून दोघे-तिघे ओरडायला लागले. वाल्देमार खाली मान घालून सगळं ऐकत उभा राहिला, आणि त्याला नवल वाटलं, की वाटलं होतं तेवढं काही दुखत नव्हतं.

एबेर मात्र हसला नाही. तो सुल्माकडे एकटक बघत होता.

“म्हणजे तू ठणठणीत आहेस?”

“हात सोडून.”

“आणि सोळा दिवस घरी बसून होतीस?”

“हो.”

“नऊ दिवसांवर कार्निव्हलची निवडचाचणी आली आहे आणि तुझ्याकडून मला सलामीचं गाणं नाही, मधले टोमणे नाहीत, निरोपाचं एक कडवंसुद्धा नाही. सुल्मा, या वयात पण तुझी ही तऱ्हा? माझ्या सतरा माणसांनी तिथे जाऊन काय तुझं तोंड दाखवायचं? उद्या संध्याकाळी सलामी हातात पाहिजे, आणि मागच्या वर्षासारखी लांबण लावलीस तर मी निम्मी कापीन, आधीच सांगून ठेवतो.”

एबेरचा आवाज पुन्हा रस्त्यापलीकडे पोचला तशी माबेल घाबरून त्याला आवरायला उठली. सुल्माने तिला हाताने खाली बसवलं. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि डोळे भरून आले होते.

“एक ओळ कापून तर बघ,” ती म्हणाली.