नववी मात्रा

"ताई, इथं माझी एक मात्रा होती. कुठं गेली?"

वसंता राठोडने हेडफोन गळ्यात उतरवले आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. नेहमीच्या खुंटीला अडकवलेला शर्ट दिसला नाही, तर माणूस विचारतो तसं त्यानं विचारलं.

मात्रा गेली नव्हती, मी कापली होती. ती एकच नाही, अशा एकेचाळीस. माझ्या वहीत यादी होती: मिनिट, सेकंद, काय कापलं.

हिंगोलीत आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ. यजमान लग्नमांडवांचे स्पीकर सांभाळायचे, आतलं काम माझ्याकडे. भजनं, लग्नाची गाणी, निवडणुकीचे भोंग्यावरचे प्रचार. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. अशा खोलीत चार पोरं हेवी मेटलचा पहिला अल्बम करायला आली. प्रशांत कळमनुरीचा, गिटार वाजवायचा, गाणीही त्याचीच. वसंता जवळच्या तांड्यावरचा, ड्रमवर. शिवाय एक गायक आणि एक बास गिटारवाला.

हेवी मेटलमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम फाटका ठेवतात. हे मला माहीत नसल्यामुळे पहिल्या दिवशी मी दोन केबल बदलल्या. प्रशांत नम्रपणे म्हणाला, "ताई, तो असाच पाहिजे." अल्बमची सहा गाणी. सगळ्यात मोठं 'धरण', तेरा मिनिटांचं. कोरडं धरण, भरलेलं धरण आणि दारं उघडलेलं धरण, असे तीन भाग. चाल बदलायची, वेग बदलायचा, ताल तर बदलायचाच. अशा वळणं घेणाऱ्या संगीताला प्रोग्रेसिव्ह म्हणतात, असं प्रशांतने मला दोन वेळा समजावलं होतं. दोन्ही वेळा मी मान हलवली होती.

चूक झाली ती माझ्या सवयीमुळे. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये वादक भरात आला की एखादी मात्रा वाढवतो. ती मी नंतर कॉम्प्युटरवर गुपचूप काढते. वादकाला सांगत नाही. चारचौघांत त्याची चूक कशाला काढायची? आमच्या धंद्यातली ही रीत मी वर्षानुवर्षं पाळली होती.

आदल्या दिवशी 'धरण'चे ड्रम रेकॉर्ड झाले. ड्रमवाल्याला गाणं कुठं पोचलं ते कळावं म्हणून त्याच्या कानात एक कच्ची गिटार वाजत असते. तिला गाइड म्हणतात. रात्री मी गाइड बंद करून नुसते ड्रम तपासले. आठ, आठ, आठ आणि नऊ. पुन्हा आठ, आठ, आठ आणि नऊ. पोरगं दर चौथ्या फेरीला चुकतंय, असं मला वाटलं. मी सगळे नऊ आठ केले. हार्ड डिस्क भरत आली होती, म्हणून जुनी फाईल पुसली. काम नीट झालं म्हणून समाधानही वाटलं. आता मी कापल्याचं सांगितलं आणि वहीतली यादी पोरांपुढे केली.

"काहून कापलं ताई?" प्रशांतचा आवाज चढला. "ते नऊच हाये! अख्खं गाणं त्या नवावर उभं हाये. विचारायचं तरी!"

"मला वाटलं, हा चुकला."

"एकेचाळीस वेळा? बराबर त्याच जागी?"

मी वही मिटली.

वसंता हसला. "जाऊ दे रे पश्या. ताईनं माझी इज्जत वाचवली. गाणं मेलं, ते अलग."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. वसंताला नोकरी लागली होती. त्याच दिवशी चारच्या गाडीने तो ट्रेनिंगला निघणार होता, नऊ महिन्यांसाठी. परत येईपर्यंत ही चौकडी टिकेल, असं त्यांनाही वाटत नव्हतं. आणि 'धरण'शिवाय अल्बम काढायचाच नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं.

मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. भारनियमनामुळे बारा ते सहा वीज नसायची. जनरेटर लावला तर त्याची घरघर माइकमध्ये येते. ड्रम सुटे करून खोक्यांत भरलेले होते. ते जोडायचे, सहा माइक लावायचे, म्हणजे पाऊण तास.

"रडायचं नंतर," मी म्हणाले. "वसंता, ड्रम जोड. प्रशांत, गाणं मला कागदावर दे."

प्रशांतने पिशवीतून वही काढली. दोन पानं नुसते आकडे. कुठल्या भागात किती फेऱ्या, कोणती आठाची, कोणती नवाची, कुठं सात, कुठं थांबायचं. मी आयुष्यभर याद्या केल्या, पण इतकी चोख यादी माझ्या हातून झाली नव्हती. या पोरांना मी हौशी समजत होते.

"टिकटिक देऊ का?" मी वसंताला विचारलं. वेग पक्का राहावा म्हणून कानात घड्याळासारखा ठोका देतात.

"नको ताई. टिकटिक सरळ चालते, आमी वाकडं."

पहिला टेक, म्हणजे सलग वादन, नवव्या मिनिटाला वाया गेला, काठी मोडली. दुसऱ्या वेळी बाराव्या मिनिटाला वसंताच्या हातात गोळा आला. प्रशांत त्याचा दंड चोळत म्हणाला, "होत नसंल तर ऱ्हाऊ दे." वसंता म्हणाला, "गप बस. गाइड वाजव."

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी तिसरा टेक सुरू झाला. मी वहीवर बोट ठेवून मोजत होते. दारं उघडण्याच्या भागात माझं बोट चुकलं आणि मी हरवले. वसंता हरवला नाही. डोळे मिटलेले, दंड थरथरणारे, आणि प्रत्येक नववी मात्रा आपल्या जागी. इतकी वर्षं मी ताल मोजला. त्या तेरा मिनिटांत पहिल्यांदा नुसता ऐकला.

बाराला दहा कमी असताना तो थांबला. मी फाईल साठवली, सीडीवर प्रत काढली, आणि वीज गेली. वसंता चारच्या गाडीने गेला. बाकीच्यांनी आपापले भाग पुढच्या महिन्यात रेकॉर्ड केले. नवव्या मात्रेसकट 'धरण'ची कॅसेट निघाली आणि नांदेडच्या कॉलेजांपर्यंत पोचली.

एक दिवस आमच्या नेहमीच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले बुवा स्टुडिओत आले. कॅसेट चालूच होती. त्यांनी मांडीवर बोटांनी ताल धरला, पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, "पोरगं पक्कं हाये. चौथी फेरी नवाची, व्हय ना?"

मी सगळा किस्सा सांगितला. बुवा खूप हसले. मग हसू आवरून माझ्याकडे वळले.

"ताई," ते म्हणाले, "माझ्याबी मात्रा कापता काय तुमी?"

खरं सांगावं लागलं. तेव्हापासून कापण्याआधी यादी वादकाला दाखवते. बुवांना दाखवलेल्या पहिल्या यादीत अकरा नोंदी होत्या. "ह्या मुद्दाम हायेत," म्हणत त्यांनी सात खोडल्या.