झिजलेले मासे

मुलांनो, घाटंजीच्या आठवडी बाजारात एक मासेवाली बसायची. मासा विकण्याआधी ती त्याच्या पाठीवर अंगठा दाबून तो मांसाने भरलेला आहे का ते पाहायची. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

कपाशीवर कीटकनाशकाची फवारणीमागून फवारणी होत होती आणि ते विष नाल्यात उतरत होते, ती वर्षे. एका बाजाराच्या दिवशी तिची टोपली भरलेली होती, पण ती एकही मासा विकेना. मी कारण विचारले.

"नाल्यात वर येऊन तोंड वासत होते, बाई. हातानंच धरले. खुशीत टोपली भरली म्या, येडीवानी."

शेजारची भाजीवाली हसली, "मंग आणले कायले? हवा खायले?"

विषारी पाण्यात मासा धापा टाकतो आणि तगून राहण्यासाठी अंगातली चरबी जाळतो, हे मी कॉलेजात फळ्यावर लिहून शिकवत असे. तिने एक मासा चिरून दाखवला.

"पोटात खाणं हाये, पाहा. उपाशी नाही हे, तरी पाठ खोल गेली. जगता जगता झिजले."

बाजारामागे खड्डा करून तिने सगळे मासे पुरले.

"आता काय करशील?" मी विचारले.

"निंदाले जाईन, तण काढाले," ती हात झटकत म्हणाली. "नाल्याकाठच्या कपाशीत."

तिला अडवावे, तर देण्याजोगे दुसरे काम माझ्याकडे नव्हते.