शिवप्पाचे हलके कापड

विहिरीत पंपाच्या नळाच्या तळाचा फुटवाल गाळात अडकला, की शेतकरी आधी आमच्या सोलापूरच्या खरेदी-विक्री संघाच्या काउंटरवर येत आणि मग बाहेरच्या बाकावर जात. त्या बाकावर शिवप्पा बसलेला असे. तो पाणबुड्या होता. संघाचा नोकर नव्हता, पण नोकरांपेक्षा वेळेवर येई. कुर्डुवाडीची गाडी असो की श्रीपूरची एसटी, त्याचे सामान एका पिशवीत मावायचे: लंगोट, दोरी आणि करडईच्या तेलाची बाटली. अंगाला तेल चोळायचे, छातीत दम भरायचा आणि खाली जायचे. गारठा अंगात शिरेपर्यंत तो काम आटोपून वर आलेला असे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात भीमेवरच्या धरणाच्या कामावरून एक फोरमन आमच्याकडे पंपाची चौकशी करायला आला. मूळचा मुंबईच्या गोदीतला माणूस. बोलता बोलता त्याला कळले, की बाहेर बाकावर पाणबुड्या बसला आहे. त्याने शिवप्पाला आत बोलावले.

"तोंडाला हवेची नळी लावून तासभर खाली राहायचं. जमेल?"

"नळी आसंल तर दिवसभर ऱ्हातो की, साहेब."

"दमाचं सोड. गार पाण्यात माणूस आधी काकडतो. रबरी सूट मोजकेच आहेत, ते निवडलेल्या माणसांना मिळतात. परीक्षेला आपलं आपण घालून यायचं. हलकं आणि उबदार बघ काहीतरी."

निवड झाली तर धरणावर पाणबुड्याची कायमची नोकरी, आणि त्याआधी मुंबईला समुद्रात शिक्षण. फोरमन गेल्यावर शिवप्पा माझ्या काउंटरला टेकला.

"अण्णाराव, इहिरीला चारी बाजूंनी काठ आसतो बगा. ज्याचा पलीकडचा काठच दिसत न्हाय, आसल्या पान्यात एकदा उतरायचं हाय."

त्याच्याकडे नेमके हवे तसे कापड होते. केम गावच्या महिपती धनगराच्या विहिरीतून त्याने एकदा इंजिनाचा भाग काढून दिला होता. महिपतीने खूश होऊन त्याला कोकराच्या पहिल्या लोकरीची बंडी दिली होती. पातळ, अंगाबरोबर बसणारी, घडी केली तर ओंजळीत मावणारी. शिवप्पाला परीक्षेला तीच घालायची होती.

रविवारी सकाळी मी शिवप्पाच्या घरी गेलो, तेव्हा त्याची बायको चंद्रव्वा ती बंडी बोटाच्या चिमटीत धरून उभी होती. ती मिलमध्ये रिळांच्या खात्यात कामाला होती.

"ह्ये बगा अण्णाराव. ह्ये घालून साहेबाफुडं जानार म्हनं! मेंढराचा वास येतोय निस्ता."

"साहेबानंच सांगितलंय, हलकं पायजे म्हनून," शिवप्पा म्हणाला.

"म्हनतील साहेब. पाव्हन्याला कुनी भारी आना म्हनतंय व्हय? सोलापूरचा मानूस, बायको मिलमदली, आन् अंगावर हलकं कापड! माजं नाक कापून घेऊ का?"

आम्हां कोणालाच यात काही चुकते आहे असे वाटले नाही. सोलापुरात कापड हलके म्हटले की ते वजनाला हलके, असा अर्थ कोणाच्या डोक्यात आधी येत नाही. हलके म्हणजे कमी प्रतीचे आणि भारी म्हणजे चांगले. दुकानात मापासाठी मांडलेला तागा वजनाला किती, हे कोणी उचलून बघत नाही.

चंद्रव्वाने ट्रंकेतून माहेरची चादर काढली. लग्नात आलेली, घडीही न मोडलेली, दोन मोर समोरासमोर असलेली. तिने ती कापली. शेजारच्या निंगव्वाने मशीनवर पूर्ण बाह्यांची बंडी आणि विजार शिवून दिली. एक मोर नेमका पाठीवर आला.

"आता जावा," चंद्रव्वा म्हणाली. "सगळ्यांत भारी तुमीच दिसनार."

शिवप्पाने लोकरीची बंडी पुन्हा खुंटीला लावली. कापलेल्या चादरीकडे बघून त्याने नवी बंडी आणि विजार पिशवीत भरली.

परीक्षेच्या दिवशी संघाचा पंप पोचवायला मी शिवप्पाबरोबर एकाच ट्रकने धरणावर गेलो होतो, म्हणून पुढचे मी पाहिले. कुर्डुवाडीचा हिंदुराव नावाचा उमेदवार धुऊन धुऊन आटलेला लोकरी स्वेटर घालून आला होता. शिवप्पाचा मोर बघून तो म्हणाला, "पाव्हनं, नाचायला आलाय का बुडायला?" सगळे हसले. शिवप्पाही हसला.

पाण्याखाली एका लोखंडी पट्टीचे बोल्ट आवळायचे होते. शिवप्पा शिडीने उतरला. थोड्याच वेळात कमरेच्या दोरीला झटके बसले. त्याला वर ओढले, तेव्हा ओठ निळे पडले होते आणि भिजलेल्या चादरीच्या वजनाने त्याला शिडीची पायरी चढवेना. पाण्यात चादर फुगली होती आणि हात हलवला की आत नवे गार पाणी शिरत होते. नळीतून हवा येत होती, पण हातात पाना ठरत नव्हता.

"अरे, हलकं सांगितलं होतं ना?" फोरमन म्हणाला.

"साहेब, घरातलं सगळ्यांत भारीतलं..." शिवप्पाचे दात वाजत होते.

फोरमन माणूस चांगला होता. "दुसरं काही आणलंयस? असेल तर घाल, ऊन घे, दुपारी परत सोडतो."

शिवप्पाने पिशवीत हात घातला. तेलाची बाटली निघाली. बंडी सोलापुरात खुंटीवर होती.

हिंदुरावची निवड झाली.

घरी चंद्रव्वा दारातच उभी होती. शिवप्पाने वाटेत मला काही बोलू नका, असे बजावले होते.

"दम पुरला न्हाय," त्याने तिला सांगितले.

"आन् कापड?"

"कापड लई भारी व्हतं."

तिचा चेहरा तेवढ्यापुरता खुलला. मग मात्र तिने 'दम पुरला न्हाय' एवढेच धरून ठेवले. नवऱ्याची छाती आता पहिल्यासारखी राहिली नाही, या भीतीने तिने त्याला विहिरीत उतरू दिले नाही. कोणी बोलवायला आले की ती आडवी उभी राही. खरे कारण सांगितले असते तर ती बाजूला झाली असती, पण मग त्या चादरीबद्दलही सांगावे लागले असते. त्याने सांगितले नाही.

आता तो आमच्याच गोदामावर राखणदार आहे. थंडीत सदऱ्याआत महिपतीची बंडी घालतो. चंद्रव्वाने शिवण उसवून चादर पुन्हा जोडली. पाठीवरच्या मोराची मान थोडी वाकडी बसली. परवा मी त्याला म्हटले, तुझी मुलगी मुंबईला दिलीय, एकदा जाऊन समुद्र तरी बघून ये.

"काठावरून?" तो म्हणाला, आणि किल्ल्या घेऊन कुलपे बघायला गेला.