ये गो, मावू दोघी

एसटीत ती खिडकीशी बसायची आणि शेजारी उरलेल्या जागेवर तळहाताने दोनदा थापटून म्हणायची, "ये गो, मावू दोघी." उरलेली जागा वीतभर. तरी आम्ही मावायचो. माझा अर्धा भाग येण्याजाण्याच्या वाटेवर असायचा, ती गोष्ट वेगळी.

मी अलिबागच्या एका कचेरीत कारकून, ती तिथल्या बाजारात मासे विकणारी. दोघी रेवदंड्याहून निघायचो आणि दोघी अंगाने भरपूर. माझ्या शेजारी लोक नाइलाजाने का होईना, बसत. तिच्या शेजारी कोणी बसतच नसे. मला वाटायचं, वासामुळे. पण सकाळी ती न्हाऊन, आबोली माळून यायची आणि मासळी टेम्पोतून पुढे गेलेली असायची.

एका वर्षी आमचे गुडघे एकदमच कुरकुरायला लागले. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांकडे गेलो. मला त्यांनी खुर्ची दिली, एक्स-रे लिहून दिला, "वजनाचं हळूहळू बघू" म्हणाले. तिला उभंच ठेवलं. गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. "तुम्ही लोक खाता किती! भात कमी करा."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुजा त्याला गुडगा दिसला गो. माजं नुसतं मटन दिसलं." आणि स्वतःच हसली. मीही हसले, त्याची आज लाज वाटते.

पुढे अलिबागला जाड बायकांचा मेळावा भरला. अंगाची लाज बाळगू नका, असं सांगणारा. बोलणाऱ्या सगळ्या माझ्यासारख्या गोऱ्या, शुद्ध बोलणाऱ्या. मी 'माझी एक मैत्रीण' म्हणून तिचाच दवाखान्यातला प्रसंग सांगितला. बायकांनी डोळे पुसले, टाळ्या पडल्या. आणि पाहते तर ती मागच्या दारात उभी. जेवणाची सुरमई तिच्याकडून घ्या, असं मीच सुचवलं होतं. तिला बोलायला बोलवावं, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

परतताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चांगली बोल्लीस. जाडी सांगलीस. पन काली नि कोलीन कुटं ठेवलीस? जाडी तर तूबी हायेस. तुला खुर्ची दिली ना त्यानं?"

रेवदंडा येईपर्यंत मी तिकिटाची घडी घालत बसले.

पुढच्या वर्षी मी आयोजक बाईंना सांगितलं, यंदा ती बोलेल.

"अहो, पण त्यांची भाषा लोकांना कळेल का?"

"मासे घेताना कळते ना तुम्हाला?"

ती आली. गंमत बघा, जाड बायकांचा मेळावा आणि खुर्च्या सगळ्या हातांच्या! एकीतही ती बसेना. पण आमची बाई तयारीची. बाजारातला आपला पाट तिने बरोबर आणलाच होता. तो व्यासपीठावर मांडून ती ऐसपैस बसली आणि दवाखाना सांगितला, काहीही न गाळता. टाळ्या कमी पडल्या. आयोजक बाई हळूच म्हणाल्या, "छान बोललात, पण रंग नि जात मध्ये आणायला नको होती."

"मी नाय आनली, बाय. डाक्तराच्या खोलीत ती माज्याआदीच बसली व्हती."

गेल्या पावसाळ्यात ती अचानक गेली. माणसांनी जन्मभर मला सांभाळून घेतलं. डोळे उघडले ते हिने एकटीने. हे तिला एकदा तोंडावर म्हणायला हवं होतं.

मागच्या महिन्यात त्याच दवाखान्यात गेले. मला आत बोलावलं, तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत माझ्याआधीची बाई अजून उभीच होती. काळी, जाड, लुगडं नेसलेली. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "वजन कमी करा." आणि मला बसायची खूण केली. मी भिंतीजवळच्या बाकड्यावर बसले, शेजारी दोनदा थापटलं आणि म्हटलं, "ये गो, मावू दोघी."

ती बिचकली, मग बसली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुठे दुखतं, कधीपासून, उठताना काय होतं, ते ती सांगू लागली. मी गप्प बसले.