पोतं न मावणारी गाडी

जुन्या वळणाची, बिनटपाची, दोनच सीटची वापरलेली मोटार मी पुण्याहून घाटनांदूरला आणली, तेव्हा अर्धी गल्ली जमली. ही गाडी आता बनत नाही. मला ती पळवायची नव्हती, जपायची होती. पण हे घरात सांगायची चोरी. वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि डिकी उघडायला लावली.

“ह्यात खताचं एक पोतं मावत न्हाई. कावून आणली?”

माझं डोकंच फिरलं. “आणि तुमचा खिलारी? त्याला कधी नांगराला जुंपलं तुमी? वर्षभर नुसतं खाऊ घातलं आणि पोळ्याला मिरवलं!”

ते घरात गेले. मी चरकलो. तो बैल गेल्यावर त्यांनी दुसरा घेतलाच नव्हता.

थोड्या वेळानं ते बाहेर आले, हातात खिलारीची आरसे लावलेली झूल. झटकून त्यांनी ती बॉनेटवर पसरली. रंगाला ओरखडे पडतील, हे अगदी ओठांवर आलं होतं, मी गिळलं.

झुलीचे कोपरे सारखे करत ते म्हणाले, “पोळ्याला मी बसणार हिच्यात. हळू हाकायची.”