भावाच्या शेतातल्या अळ्या

शेती संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत ती बोंडअळ्या वाढवायची. एका डबीत एकच अळी, कारण दोन ठेवल्या की एकमेकींना खातात. डाळीच्या पिठाचं खाद्य शिजवायचं, डब्यांत ओतायचं, गार झालं की ब्रशच्या टोकाने एकेक अळी सोडायची. केंद्रात तिला सगळे अळीमावशीच म्हणत. "सासरी माझी एवढी सरबराई कुणी केली नाही," ती हसून म्हणायची.

नव्या बियाण्याच्या कपाशीत अळीला मारणारं विष झाडातच तयार व्हायचं. तेच विष खाद्यात कालवलं की अळ्या मरतात, हे तिने स्वतः पाहिलं होतं. म्हणून धाकट्या भावाला तिनेच ते बियाणं पेरायची गळ घातली. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. ताईने सांगितलं, त्याने पेरलं.

पहिली काही वर्षं पीक दृष्ट लागण्यासारखं आलं. शेताच्या कडेने थोडी साधी कपाशीही लावा, असं केंद्र सांगायचं. तिच्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या एखाददुसऱ्या पतंगाशी जुळतात आणि होणारी पिल्लं विषाने मरतात. भाऊ म्हणाला, "ताई, अळ्यांसाठी कुणी पेरतं का गं?" तिलाही हसू आलं. आसपास कुणीच लावली नाही.

मग एका हंगामात बोंडं वरून हिरवीगार आणि आतून पोखरलेली निघाली. भाऊ पिशवीभर बोंडं घेऊन आला. "बघ ना, काय झालंय."

तिने त्यातल्या अळ्या विषाच्या खाद्यावर सोडल्या. रोज झाकण उघडताना ती पुटपुटायची, "मरा गं बायांनो." त्या खाऊन गुबगुबीत झाल्या, कोषात गेल्या, पतंग होऊन बाहेर आल्या.

केंद्राचे साहेब म्हणाले, "विष पचवायला लागल्या. मावशी, या अळ्यांचा वाण जपा, पुढच्या प्रयोगांना लागेल."

तिने भावाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"फवारून काही होईल?"

"बोंडाच्या आत आहेत रे. औषध पोचत नाही."

"बरं," तो म्हणाला.

त्याने उभं पीक उपटलं, शेत दुसऱ्याला कसायला दिलं आणि शहरात एका गोदामावर रखवालदार झाला. तिला एका शब्दाने बोलला नाही. फोन मात्र कमी होत गेले.

बऱ्याच महिन्यांनी तो केंद्रावर आला. "अजून आहेत त्या?"

"त्यांची पिल्लावळ आहे."

तो वाकून डबीत बघत राहिला. "चांगल्या पोसल्यास," तो म्हणाला. तो टोमणा असता तर ती रडून मोकळी झाली असती.

"चहा घेतोस?"

"नको, ड्यूटी आहे." त्यानंतर तो आला नाही.

तिने साहेबांकडे दुसरं काम मागितलं. "मावशी, तुमच्याशिवाय या जगायच्या नाहीत," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, आपण कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर आली.