एक ओटी कापूस

हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आहे. परवा भरदुपारी कामानिमित्त तिकडून जाताना त्याच्या फांदीला लुगड्याची झोळी टांगलेली दिसली आणि माझी गाडी आपोआप मंदावली. मागे कापसाचं शेत पांढरंशुभ्र फुटलेलं, त्यात वाकून वेचणाऱ्या बाया, आणि झोळीशेजारी सावलीत बसलेली आठ-नऊ वर्षांची पोर. झोळीची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला बांधली होती. पाय हलला की झोळी हले, हात मोकळे राहत, आणि त्या मोकळ्या हातांत पुस्तक होतं. बाजूला नवंकोरं निळं दप्तर. ते दप्तर मी ओळखलं. मागच्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी तिच्या शाळेत वाटलं होतं, त्यात मीही होते. अंगठ्याला बांधलेली दोरी मात्र मी त्याच्याही आधीपासून ओळखत होते.

कारण कधीकाळी ती माझ्या अंगठ्याला होती. दिवाळी सरली, कापूस फुटला, की आई वेचायला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कडुनिंबाखाली. दोरीचा वळ अंगठ्यावर उमटायचा. थंडीत तो चुरचुरायचा. शाळेची घंटा शेतापर्यंत ऐकू येई, आणि आता प्रार्थना, आता पाढे, आता मधली सुट्टी, असा अख्खा दिवस मी लांबूनच शिकत असे. एकदा आमचे गुरुजी घरी आले. माणूस भला. त्यांनी मला नवा गणवेश आणला होता आणि आईसाठी उपदेश.

"पोरीचं नुकसान करून राह्यल्या तुम्ही," ते म्हणाले.

आई चुलीपुढून उठलीही नाही. "कपडे देल्ले, लय चांगलं झालं गुर्जी. आता नवे कपडे घालून झोळी ओढंन ते. पोरगी शाळेत आली तं पोरगं कोन पाहीन? तुमी?"

 उत्तर आलं ते शेजारच्या घरापुढल्या वट्यावरून, म्हणजे ओट्यावरून. तिथं राहणारी बाई आमची कोणी नव्हती, पण सारी वस्ती तिला मोठमाय म्हणायची. त्या वर्षी तिची कंबर धरली होती आणि वेचणीला वाकणं तिला जमत नव्हतं. "इकडं टाक व पोरगं," ती ओरडली. "माह्याच्यानं वाकनं होत नाई, पन मांडी तं हाय ना शाबूत!"

आईचा स्वाभिमान आडवा आला. फुकटात कोणाच्या जिवावर पोर टाकायचं नाही. मग बायांनी आपसातच तोड काढली. वेचताना कमरेला फडकं बांधून त्याची झोळणी करतात, तिला आमच्याकडे ओटी म्हणतात. जिचं लेकरू मोठमायच्या वट्यावर, तिनं रोजची एक ओटी कापूस वेगळा टाकायचा. तो ढीग मोठमायचा. संध्याकाळी वजनाला तोही लावायचा आणि मजुरी तिला द्यायची. मी शाळेत जाऊ लागले. वह्या मळल्या तशी मी खुलले.

पण दिवानजीला, म्हणजे मालकाच्या शेताचा कारभार पाहणाऱ्या माणसाला, तो वेगळा ढीग खुपला. "घरी बसलेल्या बाईचं माप मी काऊन करू?" त्यानं ढीग पायानं सारला. ते माप थांबलं असतं तर मोठमाय उपाशी राहिली असती आणि मी पुन्हा कडुनिंबाखाली बसले असते. इतकं सरळ होतं ते. आईनं विचारलं, "दिवानजी, तुमचा कापूस कमी भरला का?"

"नाई."

"मंग तो कोनाच्या नावानं मापाचा, थे आमी ठरवू."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, कापूस झाडावर लोंबत होता, आणि झाडून साऱ्या बाया धुऱ्यावर मांडी घालून बसल्या. कोणी वांगी-भाताच्या गोष्टी काढल्या, कोणी दिवानजीच्या मिशीच्या. "येचा आता तुमीच, कंबर मोकळी होईन," एकीनं सुचवलं. थेंब पडायच्या आत दिवानजी कबूल झाला. त्या वेळी मी वर्गात भागाकार करत होते. घरी आल्यावर आईनं हसत सगळं सांगितलं, आणि तिचं ते हसू मी पदवीच्या कागदाहून जपून ठेवलं आहे.

म्हणून दप्तरं वाटायच्या आधी आमच्या बैठकीत कोणी म्हणालं, "आईबापांच्या हाती काही नको, थेट मुलांनाच द्या," तेव्हा माझ्या अंगठ्यात कळ आली. मी सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते. थेट मुलांना द्यायची वाट आईच्या कमरेवरून जाते. लेकरू कुठं ठेवू, हा तिचा प्रश्न सोडवा, दप्तर ती स्वतः आणेल. शिकलेली मंडळी मला 'कष्टानं वर आलेली' म्हणतात. कष्ट आईचे होते, आणि तिला आधार देणारे हात तिच्यासारख्याच दमलेल्या बायांचे. माझं कौतुक करून त्यांना आळशी, अडाणी ठरवणाऱ्यांचं कौतुक मला नको.

मी गाडी लावली. मला पाहताच ओळींमधून एक बाई लगबगीनं आली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "जाते मॅडम थे शाळेत. आजच नाई गेली." आरोपाआधीच सफाई देण्याची ही सवय तिला कोणी लावली, ते मला ठाऊक होतं.

"मी रागवायले नाई आली, ताई," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी ती बोली माझ्या तोंडात आली. मग धुऱ्यावर टेकून तिला ओटीची गोष्ट सांगितली. हळूहळू बाकीच्याही जमल्या. वेचणीला न येणारी एखादी बाई वस्तीत आहे का, यावर त्यांचंच बोलणं सुरू झालं. एकीनं नाव घेतलं, दुसरीनं नाक मुरडलं, तिसरी म्हणाली, "वट्टा तं मोठा हाय तिचा."

"अन् मालक काय म्हनंन?" त्या पोरीच्या आईनं विचारलं.

माझ्या आईनं दिवानजीला जे विचारलं होतं, ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

मोठमाय आता नाही. तिचा वट्टा पाडून तिथं सिमेंटचं घर झालंय, आणि माझ्या अंगठ्यावरचा वळ केव्हाच पुसला गेला. उरलंय ते एका बाईनं दुसरीसाठी रोज वेगळं टाकलेलं ओटीभर पांढरं. निघताना मागे वळून पाहिलं, तर पोर पुस्तक मिटून बायांचं बोलणं ऐकत होती. पाय हलवायचं ती विसरली होती. झोळीतलं बाळ रडू लागलं, आणि या वेळी दोरी ओढायला तिची आई वाकली.